तालीम (कोल्हापूर)

तालीम : कुस्ती आणि व्यायाम शिकण्याची पेठेतील जागा व तिच्याभोवती उभे राहिलेले मंडळ. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘शिक्षण’. मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. कोल्हापुरात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली कुस्त्यांचे खासबाग मैदान उभे राहिले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले होते. खासबाग त्याच धर्तीवर खोलगट आहे. कुस्तीचा मातीचा हौद तळाशी आणि प्रेक्षक चहूबाजूंच्या उतारावर, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्यालाही पैलवानाची पाठ मातीला टेकलेली दिसते.

गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही शहरातील नावाजलेल्या तालमींची नावे. तालमीचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. मुले आधी फावड्याने हौद खणून माती भुसभुशीत करतात. या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. चिमूटभर माती कपाळाला लावल्याशिवाय कोणी हौदात उतरत नाही. मग जोर, बैठका आणि लढती. वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा गुरू, काठावर बसून बघतो; पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडताना, मान खाली गेली की तिथूनच आवाज येतो. गावाकडून आलेली मुले तालमीतच राहतात, आपला खुराक आपणच करतात, बदाम आपणच घोटतात. आईबापापासून दूर आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला वेळेवर उठणे, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकणे इथे शिकवावे लागत नाही, ते अंगवळणी पडते.

या परंपरेचे सगळ्यात मोठे फळ खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४). ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, घरातच कुस्ती. महाविद्यालयीन शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. चण लहान, म्हणून क्रीडाशिक्षकांनी कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचे नावच घेतले नाही. ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी मिळवली आणि जिंकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची, म्हणजे गादीवरच्या कुस्तीची, सवय नसताना ते फ्लायवेट वजनगटात सहावे आले. माती आणि मॅट यांतला हा फरक किरकोळ नव्हे. मातीत पाय रुततो, श्वास पुरवून दमाने लढता येते आणि समोरचा चितपट झाला की कुस्ती संपते. मॅटवर पाय सरकतो, घड्याळ चालू असते आणि गुणांवर निकाल लागतो. पुढच्या चार वर्षांत खाशाबांनी हे अंतर तोडले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बँटमवेट वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि मिळालेल्या पैशातून सरांचे घर सोडवले. पदकाइतकीच ही परतफेडही मोठी आहे. तालीम काय शिकवते ते तिच्यात दिसते.

१९५९ साली हिंदकेसरी हा देशपातळीवरचा कुस्तीचा किताब मिळवणारे पहिले पैलवान श्रीपती खंचनाळे कोल्हापूरचेच म्हणून ओळखले गेले. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन (फक्त कमरेच्या वर पकड घेण्याच्या) प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले, आणि मग उरलेले आयुष्य वस्ताद म्हणून मोतीबागेत घातले. दादू चौगुले यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. कोल्हापुरात पैलवानाचा मान जिंकलेल्या गदेवर ठरतो खरा, पण टिकतो तो त्याने घडवलेल्या पोरांवर.

कसलेल्या अंगाचे हे कौतुक पडद्यावरही उतरले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पुढे आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजी आणि साहसदृश्यांसाठी नावाजले. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक तेच. भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांचा मोठा कारखाना याच शहरात, जयप्रभा स्टुडिओत होता. अलीकडच्या दूरचित्रवाणी मालिकांतही कोल्हापूरचा नायक म्हटला की तो बहुधा पैलवानच असतो.

आज शहरातील बऱ्याच तालमींची ओळख फुटबॉलमुळे आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे शाहू स्टेडियमवर उतरली की पेठच्या पेठ गॅलरीत जाऊन बसते. कुस्ती मागे पडली म्हणून जुने लोक हळहळतात. ती हळहळ खरी आहे, पण मंडळ, वर्गणी, पेठेची ईर्ष्या आणि पोरांवरची नजर तीच राहिली आहे.

मोठा बदल मुलींचा. हौदात बाईने पाय ठेवायचा नाही असा जुना दंडक होता. मॅट आली आणि तो सैल झाला. कागल तालुक्यातील मुरगूडमध्ये मुली कुस्तीचा नियमित सराव करतात, आणि गावोगावच्या जत्रांच्या मैदानांत आता मुलींच्या जोड्याही लावल्या जातात. हलगी त्यांच्यासाठीही तेवढीच कडाडते.