आठ-नऊ भाग पोट: जपानच्या आरोग्यविचाराची तीनशे वर्षे

जपानी माणसाच्या निरोगी, दीर्घ आयुष्याचे रहस्य म्हणून सध्या दोन गोष्टी मोबाइलवर सतत फिरताना दिसतात. एक म्हणजे ‘इकिगाई’ची, म्हणजे जगण्याच्या कारणाची, चार वर्तुळे (आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई) आणि दुसरी ‘हारा हाची बु’, म्हणजे पोट दहापैकी आठ भाग भरले की हात आखडता घ्यायचा.

पहिलीचा उलगडा लवकर होतो. ती चार वर्तुळे जपानमध्ये तयार झालेली नाहीत. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाने आयुष्याचा हेतू शोधण्यासाठी एक आकृती मांडली होती. मार्क विन या ब्लॉगलेखकाने २०१४ मध्ये तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ हा शब्द बसवला आणि ती जगभर गेली. जपानमध्ये या विषयावर मुळापासून विचार केला तो मानसोपचारतज्ज्ञ कामिया मिएको यांनी. त्यांचे पुस्तक १९६६ चे. नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात त्या काम करत होत्या. घरदार, कामधंदा, माणसे सगळे सुटलेल्या त्या रुग्णांपैकी काहींना जगण्यात रस कसा उरतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आवडीचे काम आणि चांगला पगार यांची सांगड कशी घालावी, याचा त्यात मागमूसही नाही.

दुसरी गोष्ट मात्र अस्सल आहे आणि तिचा इतिहास फार मोठा आहे. ‘जपानी शहाणपण’ म्हणून जे आपल्यापर्यंत एका ओळीत पोहोचते, त्याच्या मागे नावगाव असलेली माणसे आहेत, छापखाने आहेत, दुष्काळ आहेत आणि घरोघर हिंडलेल्या बायका आहेत. तो सगळा पसारा बाजूला ठेवला तर हातात नुसते सुभाषित राहते, आणि ते या माणसांवर अन्याय करणारे आहे असे मला मनापासून वाटते.

जपानमध्ये शरीर जपण्याच्या शास्त्राला ‘योजो’ म्हणत. हा विचार चीनमधून आला. ९८४ मध्ये तांबा यासुयोरी या राजवैद्याने ‘इशिन्पो’ हा तीस खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आज उपलब्ध असलेला जपानमधला सर्वांत जुना वैद्यकग्रंथ तो हाच. शेकडो चिनी ग्रंथांतले उतारे त्यात आहेतच, पण जीवकाच्या नावावरचे उपचारही आहेत. बुद्धाच्या काळातला, मगधातला तो जीवक बौद्ध ग्रंथांच्या वाटेने चीनमार्गे क्योतोपर्यंत पोहोचला होता. पुढे १२११ मध्ये एइसाई या झेन भिक्षूने चहा आणि योजो यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या लेखी चहा हे आयुष्य वाढवणारे औषध होते. पण हे सगळे दरबारापुरते आणि मठांपुरते. ग्रंथ चिनी भाषेतले, वाचणारे मोजके.

हे ज्ञान सामान्य वाचकाच्या घरात नेणारा माणूस म्हणजे काइबारा एक्केन.

एक्केनचा जन्म १६३० चा, क्यूशू बेटावरच्या फुकुओकाचा. वडील तिथल्या कुरोदा घराण्याच्या चाकरीत. त्यांच्या नेमणुका बदलत, त्यामुळे मुलाचे लहानपण कधी व्यापारी वस्तीत, कधी डोंगरातल्या खेड्यात गेले. आई लवकर गेली. प्रकृती पहिल्यापासून तोळामासा. वडिलांना वैद्यकाची जाण होती, थोरल्या भावाने अक्षरओळख करून दिली. तरुणपणी दरबारात नोकरी लागली, पण १६५० मध्ये सरदाराची इतराजी झाली आणि नोकरी गेली. पुढची काही वर्षे तो बिनधन्याचा सामुराई होता. या काळात त्याने नागासाकीला जाऊन वैद्यकाचा अभ्यास केला. नव्या सरदाराने त्याला परत घेतले, शिकायला क्योतोला पाठवले आणि मग सत्तरीपर्यंत तो चाकरीत राहिला. त्याची गाजलेली पुस्तके बहुतेक निवृत्तीनंतरची. जपानमधल्या वनस्पती, प्राणी आणि खनिजांचा त्याचा मोठा ग्रंथ १७०९ चा. आणि ‘योजोकुन’ हे आरोग्यावरचे पुस्तक वयाच्या ८३ व्या वर्षी लिहिलेले, १७१३ मध्ये क्योतोत छापलेले.

ते छापले गेले तो काळही पाहायला हवा. लढाया थांबून शंभर वर्षे होत आली होती. शहरांत पैसा खेळत होता. खाणे-पिणे, नाटके, रंगीबेरंगी कपडे यांची हौस सामान्य व्यापाऱ्यालाही परवडू लागली होती. लाकडी ठशांवर छापलेली पुस्तके विकत आणि भाड्याने मिळत होती. एक्केनने जाणूनबुजून विद्वानांची चिनी भाषा सोडली आणि लोकांना वाचता येईल अशा साध्या जपानीत लिहिले. पोटभर मिळू लागलेल्या समाजाला पोट कुठे थांबवायचे ते सांगणारे हे पुस्तक आहे.

पुस्तकाचे आठ खंड. सुरुवात आई-वडील आणि निसर्ग यांच्यापासून होते. देह त्यांच्याकडून मिळाला आहे, तो आपल्या मालकीचा नाही, म्हणून त्याची हेळसांड करण्याचा हक्कही आपल्याला नाही. बागेत झाड लावणारा सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी घालतो, खत देतो, कीड काढतो; मग स्वतःच्या देहाकडे झाडाइतकेही लक्ष का देऊ नये, असा एक्केनचा सवाल आहे. शत्रू दोन प्रकारचे: आतले आणि बाहेरचे. खाण्यापिण्याची, कामवासनेची, झोपेची, बडबडीची हाव आणि राग, चिंता, दुःख यांसारखे भाव हे आतले. वारा, थंडी, उष्मा, दमटपणा हे बाहेरचे. आतल्यांना आवरायचे, बाहेरच्यांना भ्यायचे.

आहारावरचा भाग सर्वांत भरीव आहे. समोर कितीही चविष्ट पदार्थ असले तरी आठ-नऊ भागांवर थांबा, असे तो लिहितो. आठ-नऊ हे त्याचे शब्द. नुसते आठ पुढे रूढ झाले. अर्धे पोट अन्नासाठी, पाव पाण्यासाठी आणि पाव वाऱ्यासाठी मोकळे, असे आपल्याकडे वाग्भटाने सांगितले आहे, त्या जातीचाच हा विचार. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका, तीनशे पावले चाला. हलके, सौम्य चवीचे खा. खारट, आंबट आणि तिखट कमी करा. त्याने तहान लागते, मग पाणी जास्त जाते आणि पचन बिघडते. मात्र दातांसाठी त्याने मीठच सांगितले आहे: रोज मिठाने दात घासायचे आणि चुळा भरायच्या. त्र्याऐंशीव्या वर्षीही मी रात्री बारीक अक्षर वाचतो-लिहितो आणि माझा एकही दात पडलेला नाही, असे तो अभिमानाने नोंदवतो. औषधाबाबत तो अतिशय सावध. वैद्य नीट पारखून घ्या, चुकीच्या औषधापेक्षा पथ्य पाळून थांबणे बरे, हे तो पुन्हापुन्हा सांगतो.

कोरडा उपदेश एवढेच या पुस्तकाचे रूप असते तर ते तीनशे वर्षे टिकले नसते. एक्केनच्या लेखी निरोगी राहण्याचे कारण आनंद हे आहे. माणसाचे तीन आनंद तो मांडतो: सरळ मार्गाने वागून चांगुलपणाचा आनंद घेणे, निरोगी देहाने सुखात राहणे आणि हे दोन्ही पुष्कळ वर्षे भोगणे. आयुष्य वाढले तर वाचायला, शिकायला, फिरायला वेळ मिळतो, म्हणून ते वाढवायचे. त्याचे स्वतःचे घर या विचाराला धरून होते. बायको तोकेन त्याच्याहून बावीस वर्षांनी लहान, सुंदर अक्षर आणि कोतो या तंतुवाद्याचे वादन यांसाठी नावाजलेली, आणि तीही नाजूक प्रकृतीची. दोघांनी मिळून प्रवास केले. दोघांना कोणत्या दुखण्यावर काय दिले, याची एक्केनने ठेवलेली वहीसुद्धा शिल्लक आहे. ज्या वर्षी ‘योजोकुन’ छापले त्याच वर्षाच्या शेवटी तोकेन गेली आणि पुढच्या वर्षी, १७१४ मध्ये, एक्केन गेला. फुकुओकाच्या किन्र्यूजी मंदिरात दोघांच्या समाध्या आहेत.

याच पुस्तकात जेवताना करायचे पाच विचार दिले आहेत. हे अन्न मला कुणी दिले? ते शेतकऱ्याच्या कोणत्या कष्टांतून आले? माझ्या अंगी गुण नसताना हे मला मिळते आहे. माझ्याहून गरीब कितीतरी आहेत, ते कोंडाही गोड मानून खातात, काही जण उपाशी मरतात. आणि फार पूर्वी तर माणसाकडे धान्यच नव्हते.

त्यातला चौथा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इतिहासाने तो लवकरच खरा केला. एक्केनच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १७३२ मध्ये, पश्चिम जपानात भातावर तुडतुड्यांची धाड आली आणि उभी पिके गेली. क्योहो काळातला हा दुष्काळ सर्वांत जास्त भोवलेल्या प्रदेशांपैकी एक म्हणजे फुकुओका, त्याचे स्वतःचे गाव. हजारो माणसे अन्नावाचून मेली. हाकाता भागात त्या उपासमारीत मेलेल्यांसाठी उभारलेल्या जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्तीची पूजा आजही दर ऑगस्टमध्ये होते. आठ भागांवर थांबणे ही ताटात दहा भाग असलेल्याची गोष्ट आहे. एक्केनला याचे भान होते; त्याचे वाक्य उचलून फिरवणाऱ्यांना बहुधा नसते.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, आरोग्याची सूत्रे घरातून सरकारकडे गेली. नागायो सेन्साई १८७१ च्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर युरोप-अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था पाहून आले आणि त्यांनी तसे खाते जपानमध्ये उभारले. निकडही तशीच होती: १८७९ च्या पटकीत एक लाखाहून अधिक माणसे गेली. नळाचे पाणी, विलगीकरण, लस यांपुढे बागेतल्या झाडाचा दाखला जुना वाटू लागला. ‘योजोकुन’ छापले मात्र जातच राहिले.

जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांची कथा वेगळीच आहे. ‘हारा हाची बु’ जगाला ठाऊक झाले ते या बेटांमुळे. सुझुकी माकोतो या डॉक्टरांनी १९७५ पासून तिथल्या शंभरी गाठलेल्या माणसांचा अभ्यास सुरू केला, आणि तिथली म्हातारी माणसे जेवताना हे शब्द म्हणतात, ही गोष्ट त्यातूनच बाहेर गेली. पण त्या पिढीने काय खाल्ले होते? मुख्यतः रताळी. १६०५ मध्ये नोगुनी सोकान याने चीनच्या फुजियानमधून रताळ्याचे वेल आणले. वादळांच्या त्या बेटांवर भात हाती लागेलच याची खात्री नसे, पण जमिनीखालचे रताळे तगे. पुढे तीनशे वर्षे गरिबाचे पोट त्यावर भरले. सोबत कडू कारले, समुद्री शेवाळ, टोफू आणि सणासुदीला डुकराचे मांस. कमी खाण्यात निवड किती आणि नाइलाज किती, हे इथे वेगळे काढता येत नाही.

१९४५ च्या लढाईनंतर ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिले. बर्गरचे पहिले अमेरिकी दुकान तिथे १९६३ मध्ये उघडले, टोकियोत मॅकडोनाल्ड्स येण्याच्या आठ वर्षे आधी. डबाबंद मांस घरोघर शिरले, पायी चालणे जाऊन गाडी आली. १९८५ मध्ये आयुर्मानात देशात पहिले असलेले ओकिनावाचे पुरुष २००० च्या आकडेवारीत ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरले. जपानी वृत्तपत्रांनी याला ‘२६ चा धक्का’ म्हटले. २०२० मध्ये ते ४३ व्या क्रमांकावर होते आणि अनेक वर्षे पहिल्या असलेल्या स्त्रिया सोळाव्या. आजोबांना तोंडपाठ असलेले वाक्य नातवाच्या ताटापर्यंत पोहोचले नाही.

उलट दिशेने गेला तो नागानो. डोंगराळ, बर्फाळ, समुद्र नसलेला प्रांत. हिवाळा काढायचा तर भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या, मिसो हे सोयाबीनचे आंबवलेले वाटणही खारट. त्यामुळे पक्षाघाताने मरणारे पुष्कळ. राजकीय मतांसाठी तुरुंगवास भोगलेले तरुण शल्यवैद्य वाकात्सुकी तोशिकाझु १९४५ मध्ये तिथल्या साकु इथल्या लहानशा रुग्णालयात आले. ते सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव तपासणीला जात, आणि तपासणी झाली की डॉक्टर-परिचारिकाच नाटक करून दाखवत, कारण भाषण कुणी ऐकत नसे. १९५९ पासून याचिहो गावातल्या सगळ्या लोकांची दरवर्षी तपासणी सुरू झाली. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या प्रकृतीची वही दिली गेली. १९७६ मध्ये वाकात्सुकींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी तो जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे करण्याच्या कामासाठी.

नागानोतही हे काम बायकांनीच पेलले. १९४५ मध्ये ताकाहो गावात एकट्या आरोग्यसेविकेची धावपळ पाहून शेजारच्या बायका मदतीला आल्या आणि त्यातून स्वयंसेविकांची पद्धत साऱ्या प्रांतात पसरली. ठरावीक मुदतीनंतर नव्या बायका नेमल्या जात, त्यामुळे मीठ, रक्तदाब, भाज्या हे विषय हळूहळू बहुतेक घरांत शिकून झाले. १९८१ मध्ये प्रांताने मीठ कमी करण्याची मोहीम काढली, तेव्हा या बायका खारटपणा मोजण्याचे यंत्र घेऊन दारोदार गेल्या आणि चुलीवरच्या मिसो सूपमध्ये ते बुडवून आकडा गृहिणीला दाखवत राहिल्या. सूप दिवसातून एकदाच करा आणि त्यात भाज्या भरपूर घाला, असा त्यांचा आग्रह असे. २०१० च्या आकडेवारीत नागानोचे पुरुष ८०.८८ आणि स्त्रिया ८७.१८ वर्षांच्या आयुर्मानासह दोघेही देशात पहिले आले.

२०१६ च्या राष्ट्रीय आहार पाहणीत भाज्या खाण्यात नागानोचे स्त्री-पुरुष पहिले होते. मीठ खाण्यातही ते वरच्याच क्रमांकांत होते, कारण नोझावाना पाल्याचे लोणचे अजून प्रत्येक घरात घातले जाते आणि चहाबरोबर पाहुण्यापुढे ठेवले जाते. स्वयंसेविकांच्या भेटी सुरूच आहेत.