अस्थिर वस्तूंवरील हाताची पकड

हातातली वस्तू स्वतःच डुचमळत, वाकत किंवा निसटू पाहत असेल, तेव्हा बोटांचा दाब किती, केव्हा आणि कोणत्या दिशेने ठेवायचा हे मेंदू आणि हात मिळून ठरवतात. त्या प्रक्रियेला पकडीचे नियंत्रण म्हणतात. गोव्यात दिवजोत्सवाला तेलवातीने पेटलेली दिवजे हाती घेऊन देवळाभोवती फिरणाऱ्या सुवासिनी, विहिरीवरून अर्धी कळशी आणणारी बाई, मासळीबाजारात ओला बांगडा उचलणारे गिऱ्हाईक, या सगळ्यांच्या बोटांत हेच काम चालू असते. ते ताकदीचे कमी आणि अंदाजाचे जास्त आहे.

१९८४ मध्ये स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाचे रोलांड योहान्सन आणि यॉरान वेस्टलिंग यांनी या विषयाचा पाया घातला. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत माणसे एक वस्तू उचलत. तिच्या पृष्ठभागावर कधी सँडपेपर, कधी मऊ चामडे, कधी रेशीम असे. रेशीम गुळगुळीत असल्यामुळे बोटे आपोआप जास्त दाबत. वस्तू निसटू नये म्हणून लागतो त्याहून दाब थोडाच अधिक राही, आणि भार वाढला की त्याबरोबर तोही वाढे. बोटे बधिर केल्यावर मात्र घर्षणानुसार दाब जुळवणे जमेना.

एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत सुमारे १७,००० स्पर्शतंतू असतात. वस्तू किंचित घसरली की ते मेंदूला कळवतात आणि साधारण ७० मिलिसेकंदांत पकड घट्ट होते. पाहून प्रतिसाद द्यायला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. तरीही ही घाई पुरत नाही. म्हणून आपण हात हलवतो तेव्हा भार वाढण्याच्या क्षणीच, कधी किंचित आधीही, दाब वाढतो. त्यासाठी वस्तूच्या वागण्याचा अंदाज मेंदूला आधीच बांधावा लागतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. त्याला इजा झाली की दाबाची वेळ चुकते आणि रुग्ण गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो.

अर्धी कळशी भरलेल्या कळशीपेक्षा हलकी, पण सांभाळायला अवघड, कारण आतल्या पाण्याला हलायला जागा असते. साधारण कळशीएवढ्या रुंदीच्या भांड्यात पाणी सेकंदाला जवळपास दोनदा हिंदकळते, आणि चालताना आपली पावलेही तेवढीच पडतात. दोन्ही लयी जुळल्या की हिंदकळणे वाढत जाते. पाण्याचा धक्का कधी येणार हे नेमके कळत नसले की मेंदू पकडीत जास्त सवड, म्हणजे गरजेहून अधिकचा दाब, ठेवतो. अनिश्चितता जितकी मोठी, तितकी ही सवडही मोठी, असे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले.

दाब वाढवणे हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी ताणून सांधा ताठर करणे. २००१ मध्ये एतिएन बुर्दे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अस्थिर बलाविरुद्ध सराव केल्यावर हात सगळीकडून ताठ होत नाही. जिकडे ढळण्याची भीती असते त्याच दिशेने ताठरपणा वाढतो. मला या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो. पण ताठ राहण्याने स्नायू थकतात. म्हणून नवखा माणूस सगळा हात आवळतो आणि लवकर दमतो, तर सराव झालेला आवश्यक तेवढेच ताणतो.

लवचीक, बारीक स्प्रिंग दोन बोटांत दाबत गेल्यास ती एका टप्प्यावर बाजूला वाकून सटकते. फ्रान्सिस्को व्हॅलेरो-क्युएव्हास यांनी २००३ मध्ये यावरून बोटांच्या कौशल्याची चाचणी तयार केली. इथे लागणारे बल फारच थोडे असते. कस लागतो तो दाबाची दिशा सतत सुधारण्याचा.

त्वचा किंचित दमट असली की घर्षण वाढते आणि पकड सोपी होते. कोरड्या बोटांना जास्त दाबावे लागते. पाण्याचा, तेलाचा किंवा माशाच्या बुळबुळीतपणाचा थर मध्ये आला की मात्र घर्षण घटते. वय वाढले की त्वचा कोरडी होते, स्पर्शही मंदावतो, म्हणून वृद्ध माणसे तीच वस्तू अधिक घट्ट धरतात.