पार्श्वभूमी : तिशीनंतरची मुरुमे आणि ताटावरचा संशय

तिशी उलटलेल्या बाईच्या हनुवटीवर मुरुमे उठली की घरातून पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" मे महिना असला तर आंब्यावर संशय, दिवाळी असली तर तळणावर. "उष्णता वाढलीये, सब्जा घे", "पोट साफ होतंय ना?" हे त्याच्या पाठोपाठ. दवाखान्यात मात्र अगदी परवा-परवापर्यंत नेमके उलटे ऐकू यायचे : खाण्याचा मुरुमांशी काही संबंध नाही, गोळ्या घ्या. घरचे आणि दवाखान्यातले उत्तर सारख्याच ठामपणे मिळत असल्यामुळे मधल्या माणसाला दोन्हीकडून अपराधी वाटत राहते. माझी पस्तिशी अशीच गेली. म्हणून ही दोन्ही उत्तरे आली कुठून, हे मुळापासून पाहावेसे वाटले.

सुरुवात नावापासूनच करायला हवी, कारण निम्मा घोळ नावात आहे. सुश्रुताने या विकाराला 'मुखदूषिका' म्हटले आणि त्याची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत केली. तरुणांच्या तोंडावर कफ, वात आणि रक्त यांच्यामुळे शाल्मलीच्या काट्यांसारख्या पिटिका, म्हणजे पुटकुळ्या येतात, असे त्याचे वर्णन आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरचे जाड बुडाचे, टोकदार काटे ज्याने पाहिले आहेत त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते लगेच कळेल. उपाय म्हणून वमन, म्हणजे उलटी करवणे, सांगितले आहे, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप. वेखंड-लोध्राचा लेप आजही आजीच्या सहाणेवर दिसतो. पण त्या श्लोकातला 'तरुणांच्या' हा शब्दही आपल्याबरोबर राहिला. पुढे 'तारुण्यपिटिका' हे नाव रूढ झाले, आणि चाळिशीतल्या बाईने हा त्रास सांगितला की ऐकणाऱ्याला तो खरा वाटेनासा झाला.

युरोपातही तसेच घडले. मुरुमांसाठीचा 'ॲक्ने' हा शब्द सहाव्या शतकातल्या एटियस या वैद्याच्या ग्रीक ग्रंथापर्यंत मागे नेता येतो, आणि तो टोक, शिखर, ऐन बहर या अर्थाच्या 'अक्मे' या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे तिथेही वय नावातच शिरलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलन आणि थॉमस बेटमन यांनी त्वचारोगांची शिस्तशीर वर्गवारी केली, तेव्हा हा शब्द वैद्यकात पक्का बसला. त्यानंतर शंभर वर्षे डॉक्टर मंडळी गंधक लावत राहिली आणि पथ्ये सांगत राहिली. विसाव्या शतकात काही दशके तर मुरुमांसाठी चेहऱ्यावर क्ष-किरणही सोडले जात. असे किरण घेतलेल्यांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला.

पथ्य आणि आतडे यांची गोष्ट 1930 मध्ये जरा शास्त्रीय वळणावर आली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी यांनी मांडले की मनावरचा ताण आतड्यातले जंतू बदलतो आणि त्याचा परिणाम त्वचेवर दिसतो. त्यांनी सुचवलेल्या उपायांत विशिष्ट जंतूंनी आंबवलेले दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल होते. आज औषधांच्या दुकानात प्रोबायोटिक (उपकारक जंतू) आणि ओमेगा-3 (माशाच्या तेलातला मेद) यांच्या ज्या बाटल्या दिसतात, त्यांची कल्पना इतकी जुनी आहे.

1941 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी वृषण काम करत नसलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. अशा पुरुषांना मुरुमे येत नव्हती. त्यांना पुरुषी संप्रेरक दिल्यावर काहींना येऊ लागली. मुरुमांमागे संप्रेरके असतात हे तेव्हा स्पष्ट झाले. त्याआधी 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांमध्ये अंडाशयाचा एक विकार नोंदवला होता. आज घराघरात ज्याला पीसीओडी म्हणतात तो हाच. अनियमित पाळी, वाढलेली लव आणि न जाणारी मुरुमे एकत्र दिसली की डॉक्टर आधी याचा विचार करतात. हे दोन धागे लवकर जुळले असते तर प्रौढ स्त्रियांची बरीच वर्षे वाचली असती. मला पंचविशीत एका डॉक्टरांनी "लग्न झालं की जातील" एवढेच सांगितले होते, पाळीबद्दल एक अक्षरही न विचारता.

आता 1969 या वर्षाकडे येऊ. मला या सगळ्या इतिहासात ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आहाराचे दार बंद झाले ते त्या वर्षी, आणि औषधाचे मोठे दार उघडले तेही त्याच वर्षी. दोन्ही शोधनिबंधांवर नावे तीच तिघांची : जेम्स फुल्टन, गेर्ड प्लेविग आणि अल्बर्ट क्लिगमन.

पहिला प्रयोग चॉकलेटचा. मुरुमे असलेल्या 65 जणांना, त्यांत 30 किशोरवयीन मुले-मुली आणि 35 तरुण कैदी, चार आठवडे रोज एक वडी दिली. काहींच्या वडीत नेहमीच्या दसपट चॉकलेट होते, काहींच्या वडीत अजिबात नव्हते. मध्ये काही दिवस सोडून मग अदलाबदल. दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि निष्कर्ष निघाला की चॉकलेटने मुरुमे वाढत नाहीत. या प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे साहाय्य होते. पण खरी मेख वडीच्या घडणीतच होती. चॉकलेट नसलेल्या वडीत चव आणि पोत जुळावा म्हणून वनस्पती तूप घातले होते आणि साखर जवळपास तेवढीच होती. म्हणजे तुलना झाली ती एका गोड, तुपकट वडीची दुसऱ्या गोड, तुपकट वडीशी. दोषी कोको नसून साखर असेल, तर या प्रयोगात ती सापडणे शक्यच नव्हते. तरीही पाठ्यपुस्तकांत एका ओळीचे सार उतरले की आहाराचा संबंध नाही. चॉकलेटबद्दलचे उत्तर भात, साखर, दूध, मैदा या सगळ्यांना लागू झाले, आणि पुढची तीसेक वर्षे हा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला अडाणी ठरवले गेले. मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की घरातल्या बायका जे निरीक्षण करत होत्या ते चूक की बरोबर, हे कुणी तपासलेच नाही.

दुसरा निबंध अ जीवनसत्त्वाच्या आम्लाचा, म्हणजे ट्रेटिनॉइनचा. अ जीवनसत्त्व पोटातून मोठ्या मात्रेत देण्याचे प्रयत्न चाळीसच्या दशकातच झाले होते, पण त्या मात्रेत ते विषारी ठरते आणि यकृताला इजा करते. ते गोळीतून घेण्याऐवजी आम्लाच्या रूपात त्वचेवर लावले, तर केसांच्या मुळाशी साचणारी मृत पेशींची गुठळी सुटते, हे या तिघांनी दाखवले. 1971 मध्ये अमेरिकेत ते मलम मान्य झाले. आज रात्री लावायला सांगतात ती ॲडापॅलीनची जेल याच कुळातली. या यशाला एक काळी कडा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात क्लिगमन यांनी पन्नासच्या दशकापासून 1974 पर्यंत कैद्यांवर त्वचेचे असंख्य प्रयोग केले. त्यांतले बरेच कैदी कृष्णवर्णीय आणि गरीब होते, आणि आपल्या अंगावर नेमके काय लावले जात आहे हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते.

अँटिबायोटिकांची कहाणी थोडक्यात सांगता येते. 1948 मध्ये अमेरिकेतल्या लेडरले या औषध कंपनीत टेट्रासायक्लिन कुळातले पहिले औषध पुढे आले, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पन्नासच्या दशकापासून ही औषधे मुरुमांवर सर्रास दिली गेली. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे. परिणाम अपेक्षित तोच झाला. जंतू दाद देईनासे झाले. म्हणूनच आता अँटिबायोटिक मोजके महिने आणि त्वचेवर लावायच्या बेंझॉइल पेरॉक्साइड या जंतुनाशकाच्या जोडीने द्यावे असे सांगतात, कारण पेरॉक्साइडला हे जंतू सरावत नाहीत.

1979 मध्ये अमेरिकेतल्या गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी अ जीवनसत्त्वाच्याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या 14 रुग्णांना चार महिने दिल्या. गाठीगाठींची, दुसऱ्या कशालाही न बधणारी मुरुमे होती त्यांची. 13 जणांची त्वचा पूर्ण स्वच्छ झाली, आणि औषध थांबवल्यावरही कित्येक महिने तशीच राहिली. असे याआधी कधी घडले नव्हते. 1982 मध्ये औषध बाजारात आले आणि थोड्याच काळात गर्भावर होणारे गंभीर परिणाम समोर आले : कान, हृदय आणि मेंदूत व्यंग असलेली बाळे. 2006 पासून अमेरिकेत गर्भधारणा चाचणीशिवाय ते गर्भ राहू शकणाऱ्या स्त्रियांना मिळत नाही. आपल्याकडे ही काळजी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यावरच सोडलेली आहे. म्हणून हे स्पष्ट लिहिते : मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी कधीही घेऊ नका, आणि ती बंद केल्यावरही किमान एक महिना गर्भ राहू देऊ नका.

आहाराचे बंद दार पुन्हा किलकिले झाले ते 2002 मध्ये. लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावरची 1200 माणसे आणि पॅराग्वेतले 115 आचे आदिवासी तपासल्याची माहिती प्रसिद्ध केली. मुरूम एकालाही नव्हते. किटावावर जेवण कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ यांचे. साखर-मैदा जवळजवळ नाहीच. वंशाचा भाग असेल, अशी शंका घेतली गेली आणि ती रास्त होती. मग 2007 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 43 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग केला. रक्तातली साखर झपकन चढवणारे पदार्थ कमी केलेल्या गटात मुरुमे जास्त घटली. त्या गटाचे वजनही उतरले होते, त्यामुळे श्रेय नेमके कशाचे हा वाद राहिला; पण कारणसाखळी समजण्यासारखी आहे. साखर चढते तसे इन्शुलिन चढते, त्याच्या मागोमाग पुरुषी संप्रेरकांचा जोर वाढतो, आणि तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. हॅमिल्टनचा धागा इथे पुन्हा हाती लागतो. तेलकट खाल्ल्याने चेहरा तेलकट होतो ही आपली समजूत मात्र या साखळीत बसत नाही. भज्यांपेक्षा तीन वेळचा साखरेचा चहा आणि बिस्किटे जास्त संशयास्पद आहेत.

दुधाचे काय? 2005 मध्ये अमेरिकेतल्या 47,355 परिचारिकांना शाळेच्या वयातला आहार आठवून लिहायला सांगितले गेले. जास्त दूध पिणाऱ्यांत मुरुमे जास्त आढळली, आणि सायविरहित दुधाचा संबंध अधिक ठळक होता. आठवणीवर बेतलेली माहिती आहे, तेवढ्याने घरचे दही बंद करू नये. जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या डब्याकडे मात्र मी आधी बोट दाखवीन, तशी उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

पूरक गोळ्यांपैकी जस्ताचा, म्हणजे झिंकचा इतिहास सर्वांत नीट आहे. 1977 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे मिकेलसन यांनी जस्ताने मुरुमे कमी झाल्याचे दाखवले आणि जगभर आशा वाढली. 2001 मध्ये 332 रुग्णांवर त्याची मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकशी थेट तुलना झाली : जस्ताने 31.2 टक्के रुग्णांना गुण आला, अँटिबायोटिकने 63.4 टक्क्यांना. म्हणजे जस्त उपयोगी आहे, पण निम्म्यानेच.

ब-12 ची कथा उलट्या बाजूची आहे आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांनी ती जरूर वाचावी. ब-12 घेतल्यावर मुरुमे उठतात अशी निरीक्षणे जुनी होती. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दहा निरोगी लोकांना ब-12 ची इंजेक्शने दिली, तेव्हा त्वचेवरच्या जंतूंची वागणूक बदलली आणि दहापैकी एकाला आठवड्याभरात मुरुमे आली. इंजेक्शनांचा कोर्स सुरू झाल्यावर चेहरा बिघडला, तर ते डॉक्टरांना सांगा. कमतरता असताना ब-12 आपल्या मनाने बंद करू नका. नसांना होणारी इजा मुरुमांपेक्षा कितीतरी वाईट.

आपल्या देशाचा एक अध्याय मात्र फारच दुःखाचा आहे. मुरुमे, डाग आणि गोरेपणाची हौस या सगळ्यांवर स्टेरॉइडची मलमे केमिस्टकडून सहज मिळत राहिली. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ, लाल होते आणि मुरुमे दुपटीने येतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमे लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली.

आणि प्रौढ स्त्रिया? अमेरिकेतल्या अलाबामा इथल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विशीतल्या 50.9 टक्के, तिशीतल्या 35.2 टक्के आणि चाळिशीतल्या 26.3 टक्के स्त्रियांनी मुरुमे असल्याचे सांगितले. तारुण्यपिटिका या नावात न मावणारे हे आकडे आहेत. या स्त्रियांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबावरचे जुने औषध पुरुषी संप्रेरकाला अडवते म्हणून ऐंशीच्या दशकापासून दिले जात होते, पण मोठी चाचणी झालीच नव्हती. ती ब्रिटनमध्ये 410 स्त्रियांवर झाली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांनी फरक थोडा होता, 24 आठवड्यांनी स्पष्ट. गरोदरपणात ते चालत नाही. इतरांनी ते डॉक्टरांना विचारून सुरू करायचे, सहा महिने तरी धीर धरायचा, आणि तोवर आरशापुढे बसून काल काय खाल्ले याचा हिशेब मांडायचा नाही.