दुसऱ्याच्या लोहावर: सायडरोफोरच्या शोधाची पार्श्वभूमी

बडोद्यातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सायडरोफोर, म्हणजे लोह मिळवण्यासाठी सूक्ष्मजीव बाहेर सोडतात तो लहान रेणू, प्रथम भेटतो तो निळ्या आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीत. आम्लाने धुऊन लोहाचा मागमूस काढलेल्या काचसामानात माध्यम तयार करायचे, त्यावर जिवाणू टोचायचा आणि एकदोन दिवसांनी वसाहतीभोवती केशरी वलय उमटले की समजायचे, जिवाणूच्या सायडरोफोरने माध्यमातल्या निळ्या रंगद्रव्याच्या हातातले लोह ओढून घेतले. ही चाचणी १९८७ची असली, तरी तिच्यामागची गोष्ट बरीच जुनी आहे.

हवेच्या सान्निध्यात लोह गंजते आणि उदासीन पाण्यात मुक्त फेरिक लोह लिटरमागे जेमतेम १०⁻¹⁸ मोल विरघळते. गुजरातच्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही पिकाची कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती याचमुळे. सूक्ष्मजीव यावर उपाय म्हणून लोहाला घट्ट धरणारे लहान रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट ते परत आत ओढतात.

हे ठाऊक नसताना, १९१२च्या सुमारास, इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट आणि इनग्राम या संशोधकांना गुरांच्या योने रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता येईना. त्याच्याच मायकोबॅक्टेरियम गटातल्या दुसऱ्या, निरुपद्रवी जिवाणूचा अर्क घातला तेव्हाच तो वाढला. त्या अर्कातले मायकोबॅक्टिन हे द्रव्य, जे पुढे सायडरोफोर ठरले, वेगळे झाल्याचे १९४९मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही ते एक 'वाढघटक' एवढीच त्याची ओळख राहिली.

लोहाशी असलेले नाते उलगडले ते काणी रोगाच्या एका बुरशीमुळे. अमेरिकेतील बर्कलीच्या नीलँड्स या संशोधकाला १९५२मध्ये तिच्यात फेरिक्रोम हे लोहयुक्त द्रव्य मिळाले, आणि १९५६मध्ये असे दिसले की लोहाची उपासमार झाली की बुरशी याच जातीचे लोहविरहित रेणू सढळपणे बाहेर टाकते. माझ्या मते खरे वळण हेच, कारण रेणूचे काम त्यातून उघड झाले. 'लोहवाहक' या अर्थाचे सायडरोफोर हे ग्रीक नाव १९७३मध्ये आले.

सत्तरच्या दशकातच असे आढळले की ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू फेरिक्रोम आपल्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनाच्या दारातून आत घेतो, त्याच दाराला टी५ हा जिवाणूभक्षी विषाणू चिकटतो. जिवाणूभक्षींचे पहिले वर्णन १९१५मध्ये याच ट्वॉर्टने केले होते. त्याच्या दोन शोधांचे धागे एका प्रथिनापाशी येऊन मिळावेत, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या प्रथिनाचे जनुक, एफएचयूए, बडोद्याच्या संशोधकांनी तुरीच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियममध्ये घातले. या जिवाणूंना फेरिक्रोममधले लोह स्वतःहून घेता येत नव्हते. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, फेरिक्रोम उपलब्ध असताना, हे जनुक मिळालेले जिवाणू अधिक चांगले वाढले. योनेच्या जिवाणूप्रमाणे तेही आता दुसऱ्याने बांधून ठेवलेल्या लोहावर जगत होते.