‘वयच झालं होतं’ : वृद्धांच्या मृत्यूमागचे प्रश्न विचारायला सुरुवात कशी झाली

कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचून अग्नी दिला जातो, रक्षाविसर्जनाची वेळ ठरते आणि मयताला आलेली माणसं पांगू लागतात. गेलेला माणूस सत्तरीपलीकडचा असेल तर त्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘वयच झालं होतं.’ म्हातारी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली असेल तर ‘सुटली बिचारी.’ हे मायेनंच म्हटलेलं असतं. पण शेवटच्या महिन्यात तिच्या पाठीला हाडापर्यंत जखमा झाल्या होत्या का, तिला वेळेवर पाणी मिळत होतं का, औषधं कोणी बंद केली, सातबाऱ्यावरचं तिचं नाव कधी आणि कसं कमी झालं, यातलं काहीही विचारायची वाटही त्याच वाक्यानं बंद होते.

वृद्ध किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या प्रौढ माणसाचा मृत्यू छळामुळे वा हेळसांडीमुळे झाल्याचा संशय असेल, तर ती घटना पोलीस, डॉक्टर, शवविच्छेदन करणारे तज्ज्ञ, सरकारी वकील आणि समाजकल्याण खात्याची माणसं यांनी एकत्र बसून उलगडायची, अशी पद्धत काही देशांत गेल्या पंचवीसेक वर्षांत रुजली आहे. गुन्हेगार शोधणं हे या समित्यांचं काम नव्हे, ते पोलीस आणि न्यायालय करतात. हा माणूस मरण्याआधी कोणाकोणाच्या नजरेस पडला होता आणि तरी तो का वाचला नाही, हे त्या शोधतात.

या पद्धतीचं मूळ मात्र बाळंतिणीच्या खाटेपाशी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी देशपातळीवर होऊ लागली. नाव उघड करायचं नाही, डॉक्टरला शिक्षा करायची नाही, पण काय चुकलं ते लपवायचंही नाही, असा तिचा शिरस्ता होता. शिक्षेची भीती नसेल तर माणसं खरं बोलतात, हे तिनं दाखवून दिलं. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बालमृत्यूंसाठी अशी समिती बसली. ‘पाळण्यातून पडलं’ असं सांगितलेल्या मुलांपैकी काहींना मारहाण झाली होती हे तेव्हा बालरोगतज्ज्ञांना ठाऊक होतं, पण दवाखान्याचा कागद एका कपाटात आणि पोलिसांचा दुसऱ्या. १९९० नंतर सॅन फ्रान्सिस्कोपासून नवऱ्याच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांच्या प्रकरणांचा असाच अभ्यास सुरू झाला.

म्हाताऱ्यांची पाळी सगळ्यांत शेवटी आली. खरं तर १९७५ मध्येच ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून घरातल्या आज्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दल लिहून सावध केलं होतं. तरी अमेरिकेत वृद्धांच्या मृत्यूंसाठी पहिल्या समित्या बसायला पाव शतक गेलं. कॅलिफोर्नियानं २००१ मध्ये काउंट्यांना अशा समित्या नेमण्याची परवानगी देणारा कायदा केला, मेन राज्याची समिती २००३ ची. २००५ मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेनं, इतरांना उपयोगी पडेल अशी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आर्कान्सास राज्य वेगळ्या वाटेनं गेलं. तिथं १९९९ च्या कायद्यानं नर्सिंग होममधला, म्हणजे वृद्धांना कायम सांभाळणाऱ्या संस्थेतला, प्रत्येक मृत्यू काउंटीच्या कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक केलं. कळवायचा तो मृत्यू संशयास्पद असलाच पाहिजे अशी अट नव्हती, आणि त्या कायद्याचा खरा जीव तिथंच आहे. संशय घ्यायचा की नाही हे संस्थेवर सोडलं असतं तर संशय कोणालाच आला नसता.

ब्रिटनला हा धडा फार महागात पडला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर लोकांचा लाडका होता, बोलावल्यावर घरी येणारा. १९९८ च्या जूनमध्ये त्याची ८१ वर्षांची एक रुग्ण वारली. दाखल्यावर त्यानं मृत्यूचं कारण लिहिलं: वार्धक्य. तिची मुलगी वकील होती. आईच्या नावानं पुढे आलेलं मृत्युपत्र तिला खोटं वाटलं म्हणून प्रकरण उकललं, पुरलेला देह बाहेर काढला आणि त्यात डायमॉर्फिन हे जालीम वेदनाशामक सापडलं. जानेवारी २००० मध्ये शिपमन १५ खुनांसाठी दोषी ठरला. न्यायमूर्ती जेनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगानं २००२ च्या पहिल्या अहवालात त्याचे २१५ बळी निश्चित केले. त्यांतले बहुतेक वृद्ध होते आणि त्यांत बायका अधिक होत्या.

या प्रकरणातला एक तपशील मला फार अस्वस्थ करतो. मार्च १९९८ मध्येच शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं कॉरोनरला सांगितलं होतं की शिपमनचे रुग्ण फार संख्येनं मरत आहेत. पोलिसांनी वरवर चौकशी केली आणि एप्रिलमध्ये फाइल बंद केली. त्यानंतर त्यानं आणखी तिघींचा जीव घेतला. तिकडे दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरचीही सही लागत असे, आणि ती सही त्याला दरवेळी मिळत गेली. म्हणजे कागदावरची तपासणी वर्षानुवर्षं चालू होती, फक्त तपासणारा कोणी प्रश्न विचारत नव्हता. अखेर ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकानं पाहण्याची सक्ती झाली. शिपमनच्या अटकेला तेव्हा २६ वर्षं झाली होती.

वय कमी असूनही असहाय असलेल्या माणसांचा प्रश्न तिथं २००६ मध्ये ऐरणीवर आला. कॉर्नवॉलमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या एका ३९ वर्षांच्या माणसाच्या खोलीत काही जणांनी बस्तान मांडलं, त्याचा छळ केला आणि शेवटी त्याला उंच पुलावरून पडायला भाग पाडलं. पोलीस, आरोग्यसेवा, समाजकल्याण या सगळ्यांकडे त्याच्याबद्दलच्या सुट्या सुट्या नोंदी होत्या. त्या एका टेबलावर कोणी ठेवल्या नव्हत्या. पुढे २०१४ च्या केअर ॲक्टनं अशा मृत्यूंचा आढावा असहाय प्रौढांच्या संरक्षणासाठीच्या स्थानिक मंडळांना कायद्यानंच बंधनकारक केला. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये मुख्य कॉरोनरची वृद्धांविषयीची आढावा समिती त्याही आधीची, १९८९ पासूनची आहे.

हे काम बालमृत्यूंपेक्षा अवघड आहे. तान्ह्या मुलाच्या अंगावर वळ असणं हे एरवीच अनैसर्गिक. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असते, दाराच्या चौकटीला हात लागला तरी काळंनिळं होतं. पडून खुब्याचं हाड मोडणंही रोजचंच. मग ढकललं की पडली हे ओळखायचं कसं? कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासानं याचं उत्तर शोधायला फार साधा मार्ग घेतला. १०१ वृद्धांच्या अंगावर आपोआप उमटणारे डाग रोज पाहिले, मोजले, टिपले. २००५ मध्ये निष्कर्ष आला: अपघातानं झालेले जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवर असतात. मानेवर, कानांवर, कुल्ल्यांवर, तळपायांवर एकही आढळला नाही. तिथं डाग दिसला तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, असं म्हणायला त्यामुळे आधार मिळाला.

पण छळानं होणारा प्रत्येक मृत्यू माराचा नसतो. उपाशी ठेवणं, कूस न बदलणं, ओल्या कपड्यांत पडू देणं, दवाखान्यात न नेणं. शेवटी न्यूमोनिया होतो आणि दाखल्यावर न्यूमोनियाच येतो. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथल्या वृद्धांच्या दीर्घ पाहणीवर आधारलेला १९९८ चा अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे. संशोधकांनी २,८१२ वृद्धांची यादी प्रौढ संरक्षण सेवेच्या, म्हणजे अशा छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, दप्तराशी ताडून पाहिली. १३ वर्षांनी, ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांच्यापैकी ९ टक्केच हयात होते. ज्यांच्याबाबत कधी चौकशीची वेळ आली नव्हती त्यांच्यापैकी ४० टक्के. आजारपण आणि इतर कारणं हिशेबात धरूनही छळ झालेल्यांचा मृत्यूचा धोका जास्तच राहिला. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर मात्र सरळ मारहाणीचं कारण नव्हतं.

आपल्याकडे वृद्धांच्या मृत्यूसाठी अशी समिती नाही. छळ मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढच्या दर सहांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. २०१७-१८ च्या भारतीय पाहणीत वाईट वागणूक मिळाल्याचं सांगणारे सुमारे ५ टक्केच होते. या फरकाचा आनंद मानावा असं मला वाटत नाही. पाहणीला आलेल्या माणसासमोर, घरच्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात, आपल्याच मुलाचं नाव कोणती आई घेईल?

तमिळनाडूतल्या विरुधुनगर भागातली ‘तलैकूत्तल’ ही रीत २०१० च्या सुमारास वर्तमानपत्रांत आली: थकलेल्या म्हाताऱ्याला भल्या पहाटे तेलानं न्हाऊ घालायचं, शहाळ्याचं थंड पाणी पाजत राहायचं, म्हणजे एक-दोन दिवसांत ताप येऊन तो जातो. बाहेरून पाहणाऱ्याला ती सेवाच वाटावी. त्याच राज्यात ६ ऑगस्ट २००१ ला एरवाडीच्या आगीत २८ मनोरुग्ण मेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते, पळू शकले नाहीत. माणसाला साखळीनं बांधण्यावर स्पष्ट बंदी आणणारा मानसिक आरोग्य कायदा यायला २०१७ साल उजाडलं.

घराच्या चार भिंतींआड काय चालतं यात राज्यानं लक्ष घालावं, ही कल्पना कोल्हापूरला परकी नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा संस्थानात केला. अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा ठरावानं बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. देशपातळीवर हुंडाबळींच्या चळवळीनंतर १९८३ मध्ये फौजदारी प्रक्रियेत बदल झाला: लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं गेली तर शवविच्छेदन झालंच पाहिजे. १९८६ मध्ये हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा झाला. सुनेच्या मृत्यूला प्रश्न विचारायची सोय अशी चळवळीनं लढून मिळवली. त्याच घरातल्या सासूच्या किंवा सासऱ्याच्या मृत्यूसाठी तशी खास तरतूद आजही नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद व्हायला आधी कोणीतरी खबर द्यावी लागते, आणि खबर देणारा बहुधा घरचाच असतो.

घरी मृत्यू झाला की आधी उपचार करणारे डॉक्टर ‘चार-अ’ नमुन्यात कारण लिहून देतात. बऱ्याचदा त्यात हृदय आणि श्वास थांबला एवढंच येतं. मरणाऱ्या प्रत्येकाचंच ते थांबतं, ते काही कारण नव्हे. तसा दाखला तरी किती जणांचा होतो? २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले फक्त २२.५ टक्के होते. आणि आपल्याकडे दहन होतं. हाइडमधला तो देह पुरलेला होता म्हणून बाहेर काढता आला.

जिवंतपणी दाद मागायला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. करवीरपासून गडहिंग्लजपर्यंत प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र लिहून घेऊन नंतर वाऱ्यावर सोडलं तर ते रद्द होऊ शकतं. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. अर्जदार खटला चालू असताना वारला तर मात्र निर्वाहखर्चाचा विषयच संपतो आणि फाइल बंद होते. तो कसा वारला, हे विचारणं त्या कार्यालयाच्या कामात बसत नाही.

विचारण्याची यंत्रणा जिल्ह्यात आहे, फक्त दुसऱ्या कामासाठी. २०१० पासून देशभर मातामृत्यूंचं अन्वेषण होतं. आशाताईनं कळवायचं, घरी जाऊन विचारायचं: कळा कधी सुरू झाल्या, गाडी किती वेळानं आली, पहिल्या दवाखान्यानं परत का पाठवलं. निवडक प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपुढे येतात आणि मृत बाईच्या नातेवाइकांनाही तिथं बोलावलं जातं. इंग्लंडमध्ये १९५२ साली सुरू झालेली ती पद्धत इथपर्यंत पोचली आहे. तिथून बालकांकडे, बायकांकडे आणि मग म्हाताऱ्यांकडे वळलेली पुढची वाट आपल्याकडे अर्ध्यावर थांबली आहे. बालमृत्यूंच्या अन्वेषणाची मार्गदर्शक तत्त्वं यायलाही २०१४ साल उजाडलं.

पूर्ण समितीसाठी कायदा लागेल. तिथं बोललेलं न्यायालयात पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही, अशी हमी दिल्याशिवाय ना डॉक्टर तोंड उघडेल ना तलाठी. पण न्यू हेवनच्या संशोधकांनी केलं त्यातलं पहिलं पाऊल कायद्याविनाही टाकता येईल. ज्या ज्येष्ठांनी मुलांविरुद्ध अर्ज केले त्यांची नावं प्रांत कार्यालयात आहेत. कोण कधी, कुठे गेलं याची नोंद महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतींच्या जन्म-मृत्यू दप्तरात आहे. ती दोन दप्तरं एकदा शेजारी शेजारी ठेवून, अर्ज केल्यापासून वर्षाच्या आत किती जण गेले आणि त्यांच्या दाखल्यावर काय लिहिलं आहे, एवढं वाचायचं आहे.