नर्सिंग होममधल्या देखभालीचा दर्जा कसा तपासतात

नर्सिंग होम म्हणजे इथे छोटं खाजगी हॉस्पिटल नाही, तर वय झालेली, अंथरुणाला खिळलेली किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली माणसं जिथे महिनोन्महिने, कित्येकदा शेवटपर्यंत राहतात आणि ज्यांना चोवीस तास नर्सिंग लागतं अशी जागा. हॉस्पिटलचं बरं असतं, पेशंट बरा होऊन घरी गेला की निकाल लागला. इथे बरं होऊन जाणारे थोडे, बाकीचे तिथेच थकत जाणार, त्यामुळे तब्येत खालावली म्हणजे देखभाल वाईट असं म्हणता येत नाही आणि "आता वयच झालंय" म्हणून सगळं सोडूनही देता येत नाही. होणारच होतं ते कुठलं आणि कोणी लक्ष दिलं असतं तर टळलं असतं ते कुठलं, हे ओळखणं म्हणजेच ही तपासणी.

यासाठी आजही जी चौकट वापरतात ती अवेदिस डोनाबेडियन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. तीन गोष्टी बघायच्या: सोय काय आहे (माणसं, जागा, साहित्य), प्रत्यक्ष काम कसं होतं, आणि त्याचा परिणाम काय झाला. सोय बघणं सगळ्यात सोपं असतं म्हणून भेटीला गेलेली माणसं तेच बघून येतात, चकाचक लॉबी, बाग, मोठा टीव्ही, आणि त्यातलं काहीही अंथरुणावरच्या माणसाला रात्री तीन वाजता पाणी देत नाही.

परिणाम बघायचा तर शरीर बघावं लागतं. बेडसोर हे त्यातलं सगळ्यात बोलकं लक्षण. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलं की माकडहाड, टाच, कंबरेचा बाजूचा भाग अशा ठिकाणी दाबामुळे रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरायला लागते. पहिल्या स्टेजला फक्त लाल चट्टा असतो, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, आणि चौथ्या स्टेजला जखम स्नायूपर्यंत किंवा हाडापर्यंत गेलेली असते. सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, तिथे हात लावून बघावं लागतं, जागा गरम किंवा घट्ट लागते का, दुखते का. कोणाला धोका जास्त हे आधीच कळावं म्हणून १९८७ पासून ब्रेडन स्केल वापरतात, ६ ते २३ मार्कांची, १८ किंवा कमी आले की जपायचं. सगळेच बेडसोर टळत नाहीत, अगदी शेवटच्या दिवसांत चांगल्या देखभालीतही होतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला गेल्यावरच ते पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं असेल तर मधले कित्येक दिवस त्या माणसाला अंघोळ घालताना, डायपर बदलताना कोणी नीट बघितलेलंच नाही.

आता कूस बदलायचा चार्ट घ्या, म्हणजे बेडसोर होऊ नयेत म्हणून पडून असलेल्या माणसाची कूस कधी बदलली त्याची नोंद. रात्री बारा, दोन, चार, सहा, चारही नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, सही सुद्धा एका दमात केल्यासारखी, तर तो चार्ट बहुतेक सकाळी चहाच्या वेळी बसून भरलाय असं अनुभवी तपासनीस समजतो आणि मग चार्ट बाजूला ठेवून माणसाकडे बघतो.

वजनाचंही असंच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन न ठरवता उतरलं तर कारण शोधायलाच पाहिजे. कधी आजार असतो, पण कधी कवळी हरवलेली असते आणि कोणी विचारलेलं नसतं, कधी गिळताना ठसका लागतो म्हणून माणूस घाबरून खात नाही, आणि कधी तर इतकंच होतं की ताट समोर ठेवलं, भरवायला कोणी आलं नाही, वीस मिनिटांनी ताट तसंच उचललं आणि "जेवण झालं" अशी नोंद झाली. म्हणून तपासणीला जेवणाच्या वेळी जावं.

आकड्यांमध्ये मात्र फसायला होतं. पडण्याचं बघा. ज्या होममध्ये कोणीच पडत नाही ते चांगलं असं वाटतं, पण माणसं पडत नाहीत कारण त्यांना उठूच देत नाहीत, खुर्चीला पट्टा, बेडला दोन्हीकडून कठडे, किंवा दिवसभर गुंगी, असंही असू शकतं. चालणारी माणसं कधीमधी पडतात. त्यामुळे पडण्याचा आकडा एकटा कधी वाचू नये, शेजारी बांधून ठेवण्याचा आणि गुंगीच्या औषधांचा आकडा ठेवूनच वाचावा.

गुंगीच्या औषधांची गोष्ट तर जास्त गंभीर आहे. डिमेन्शियाच्या वृद्धांना अँटीसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारावरची औषधं, दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिली. तरी ओरडणाऱ्या, भटकणाऱ्या माणसाला शांत ठेवायला ती दिली जातात कारण गोळी द्यायला एक मिनिट लागतं आणि शेजारी बसायला अर्धा तास. किती रहिवाशांना ही औषधं दिली जातात हे तिथे सरकारी निकषात मोजतात, पण स्किझोफ्रेनिया असलेले रहिवासी या मोजणीतून वगळतात, मग काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांच्या फाइलीत अचानक स्किझोफ्रेनियाचं निदान दिसायला लागलं, शेवटी २०२३ मध्ये त्या नोंदींचं ऑडिट करून अशा होमचं सरकारी रेटिंग कमी करायचं ठरलं. जो आकडा होम स्वतः भरतं आणि ज्यावर त्याचं नाव ठरतं त्या आकड्याचं असंच होणार, हे धरूनच चाललं पाहिजे.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने प्रत्येक रहिवाशाचं ठरावीक नमुन्यात मूल्यमापन सक्तीचं झालं, आणि डिसेंबर २००८ पासून प्रत्येक होमला एक ते पाच स्टार मिळतात. इन्स्पेक्शन, स्टाफ आणि देखभालीचे निकष असे तीन भाग. पण इन्स्पेक्शनचे स्टार त्याच राज्यातल्या बाकीच्या होमशी तुलना करून देतात, वरच्या दहा टक्क्यांना पाच, खालच्या वीस टक्क्यांना एक, म्हणजे सगळेच सुमार असतील तरी कोणाला तरी पाच मिळतातच. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी तपासणी संस्था हे काम करते. ते पाच प्रश्न विचारतात, सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, माया आहे का, गरजेप्रमाणे बदलतं का, आणि चालवणारे नीट आहेत का. माया हा शब्द सरकारी तपासणीत आला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्टाफ हा सगळ्याचा पाया. २००१ च्या एका अमेरिकी सरकारी अभ्यासात असं दिसलं की दिवसाला दर रहिवाशामागे नर्स आणि अटेंडंट मिळून साधारण ४.१ तासांच्या खाली गेलं की देखभाल घसरते. आधी हे तास होम स्वतःच सांगायचं, तेही इन्स्पेक्शनच्या आसपासच्या दिवसांचे, २०१६ पासून पगाराच्या नोंदींवरून घेतात आणि त्यात शनिवार-रविवारचे खड्डे उघडे पडतात. तासांइतकंच महत्त्वाचं म्हणजे माणसं टिकतात का. जी अटेंडंट वर्षभर रोज त्याच आजींना अंघोळ घालते तिला त्या आज गप्प का आहेत हे कुठल्याही फॉर्मच्या आधी कळतं, दर महिन्याला नवीन चेहरा असेल तर ते कोणालाच कळत नाही.

रहिवाशांना विचारणं ही पण तपासणीच आहे. कधी उठायचं, कधी झोपायचं हे तुम्ही ठरवता का, बेल वाजवली तर किती वेळाने येतात, तक्रार करायची भीती वाटते का. स्टाफ समोर नसताना विचारावं, नाहीतर सगळे "छान आहे" म्हणतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वेदनेसाठी २००३ पासून पेनॅड नावाची स्केल वापरतात, श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, अशा पाच गोष्टींवरून दहापैकी मार्क. डिमेन्शियातल्या माणसाची चिडचिड ही खूपदा दुखण्याची असते आणि तिला औषध मात्र वेड्याचं मिळतं.

नातेवाइकांनी भेटीत काय बघावं, तर बेलची दोरी हाताशी आहे का कठड्यामागे गुंडाळून ठेवलीय, पाण्याचा ग्लास भरलेला आहे पण हात पोचतो का, नखं कापलीत का, कानाच्या मशीनची बॅटरी चालू आहे का, ओठ कोरडे आहेत का, चष्मा त्यांचाच आहे का. वास येतोय का हे सगळेच बघतात, एखादा अपघात सगळीकडे होतो, पण अर्ध्या तासाने परत त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन तोच वास असेल तर मग विचारावं. न सांगता जावं, संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी. आणि मालक, मॅनेजर किंवा मुख्य सिस्टर बदलल्या की आधीचं रेटिंग जुनं समजून सगळं परत पहिल्यापासून बघावं, कारण अशा बदलानंतर काही महिन्यांतच होम ओळखू येणार नाही इतकं सुधारू किंवा बिघडू शकतं.