संभाव्य संसर्गानंतरची एचआयव्ही व हिपॅटायटिस सी तपासणी : बेळगाव सीमाभाग

दुसऱ्याचे रक्त किंवा लैंगिक स्राव शरीरात गेल्याची शंका आल्यावर करायचे प्रथमोपचार, प्रतिबंधक औषधे आणि ठरावीक अंतराने होणाऱ्या रक्ततपासण्या, असा हा सगळा क्रम आहे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी (यकृत बिघडवणारा, काविळीचा एक विषाणू) हे दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात, म्हणून त्यांची नावे एका दमात घेतली जातात. घटना घडून गेल्यावर मात्र दोघांचे हिशेब वेगळे होतात. एचआयव्हीच्या बाबतीत पहिले काही तास मोलाचे, कारण औषधाने संसर्ग रोखता येतो. हिपॅटायटिस सीला लस नाही आणि रोखणारे औषधही नाही. तिथे काही आठवडे थांबून तपासायचे आणि आजार निघालाच तर तो बरा करायचा. लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो : दुसऱ्या दिवशी रक्त तपासून ‘निगेटिव्ह’चा कागद हाती पडला की निर्धास्त होतात, आणि तोवर औषधाची वेळ निघून जाते.

सुई टोचणे हा रुग्णालयांतला सर्वांत नेहमीचा प्रकार. परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलणारे सफाई कामगार यांना तो धोका रोजचाच. यातल्या सफाई कामगारांची नोंद सर्वांत कमी होते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे ३००मध्ये एक. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी १.८ टक्के हा आकडा सांगत. नव्या अभ्यासांत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास आला आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र ६ ते ३० टक्के असतो. घाबरायचेच असेल तर आधी याला घाबरावे, आणि याला तर लस आहे.

लैंगिक संबंधांतून एचआयव्ही सहज पसरतो, हिपॅटायटिस सी क्वचित. रक्ताच्या वाटेने मात्र हिपॅटायटिस सी अधिक चिवट. शरीराबाहेर एचआयव्ही लवकर निकामी होतो, तर हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमधल्या रक्तात कित्येक आठवडे तग धरू शकतो. म्हणून जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणे, सलूनमध्ये तेच ब्लेड पुन्हा वापरणे किंवा ‘सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणून कोणाकडूनही इंजेक्शन घेणे, या गोष्टी हिपॅटायटिसच्या दृष्टीने वाईट. एका ताटात जेवणे, हस्तांदोलन, डास चावणे यांतून दोन्ही पसरत नाहीत.

बेळगाव जिल्ह्याचे नाव एचआयव्हीच्या संदर्भात निघाले की बोलणे सौंदत्तीच्या यल्लम्मावर आणि देवदासी प्रथेवर जाते. कर्नाटकाने देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा १९८२ मध्ये केला. उत्तर कर्नाटकातल्या देहविक्रीत या प्रथेतून आलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हे खरेच. पण आजार ‘त्या’ बायकांचा, असे एकदा मनात बसले की निपाणीतली गृहिणी, पुणे-बंगळूर महामार्गावरचा ट्रकचालक आणि वॉर्डातला सफाई कामगार स्वतःला त्या चित्रात पाहतच नाहीत.

घटना घडताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी, डोळ्यांत रक्त उडाले असल्यास भरपूर पाणी मारावे. जखम पिळू नये, तोंडाने चोखू नये, तिच्यावर ब्लीच ओतू नये. मग लगेच रुग्णालय. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत मिळायला हवा. नंतर उपयोग उरत नाही. गोळ्या २८ दिवस चुकवायच्या नाहीत. सध्या टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र देतात. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीलाही ती मिळायला हवीत; अशा पीडितांवर ताबडतोब मोफत उपचार करणे कायद्याने सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडते, अथणी-कागवाडच्या माणसाला मिरज, आणि खानापूरचे काहीजण गोव्याकडेही वळतात. गावात ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने सीमेपलीकडे जाऊन तपासावे, असे वाटणे समजण्यासारखे आहे. तपासणीसाठी खुशाल जावे, पण पहिल्या डोससाठी लांबचा प्रवास करू नये. एचआयव्हीचा कार्यक्रम राष्ट्रीय असल्याने मिरजेत सुरू झालेला औषधोपचार बेळगावात पुढे चालू ठेवता येतो. त्यासाठी औषधाचा आणि तारखांचा कागद जवळ असावा.

पहिल्याच दिवशी रक्त घेतात ते घटनेपूर्वीची स्थिती कळावी म्हणून. नव्या संसर्गाबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही. त्यानंतर एचआयव्हीची तपासणी सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी करतात. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. एकाच चाचणीवर ‘पॉझिटिव्ह’ ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटनी खात्री करतात. शेवटचा अहवाल येईपर्यंत निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये. ज्याची सुई टोचली त्या रुग्णाची तपासणी झाली तर बरेच प्रश्न तिथेच सुटतात, मात्र त्याची संमती लागते. २०१७च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. १०९७ ही या विषयाची मोफत हेल्पलाइन आहे.

हिपॅटायटिस सीसाठीही सुरुवातीला प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणी होते. मग तीन ते सहा आठवड्यांनी विषाणूच्या आरएनएची (म्हणजे खुद्द विषाणूच रक्तात आहे का हे दाखवणारी), आणि चार ते सहा महिन्यांनी पुन्हा प्रतिपिंडांची. डोळे पिवळे झाले तरच कावीळ, असे धरून बसणे इथे धोक्याचे, कारण या आजारात बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. उरलेल्यांचे यकृत वर्षानुवर्षे गुपचूप खराब होत राहते. झाडपाल्याने कावीळ उतरवणारे गावोगाव भेटतात. त्यांच्याकडे गेल्याने विषाणू जात नाही.

औषधांची बाजू मात्र पूर्ण पालटली आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्या शोधासाठी २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि ती सोसणे कठीण जाई. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या साधारण १२ आठवडे घेतल्यावर ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून त्या मोफत मिळतात. बरे झाल्यावरही प्रतिपिंडांची चाचणी ‘पॉझिटिव्ह’च येत राहते, आणि बरे झाल्यामुळे पुन्हा संसर्ग होणार नाही असेही नाही. म्हणून अशा माणसाने पुढे कधी तपासायचे झाल्यास आरएनएची चाचणीच मागावी.